फोन हातात असताना वेगळे हँडहेल्ड घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, एका गेमची किंमत ८० डॉलरपर्यंत गेलेली असताना आणि खिशात चांगला स्मार्टफोन असताना, केवळ खेळण्यासाठी वेगळे हँडहेल्ड (हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) घेण्यात अर्थ उरला आहे का. माझ्या मते उरला आहे, परंतु सर्वांसाठी नाही. आणि किमतींबद्दलची आपली नाराजी मला पूर्णपणे रास्त वाटते.

अमेरिकेत मोठ्या कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांवरील) नव्या गेमची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली आणि जवळपास पंधरा वर्षे तिथेच टिकली. २०२० मध्ये ती ७० डॉलरवर गेली आणि २०२५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची किंमत ८० डॉलर ठेवली. यावर असा युक्तिवाद केला जातो की, महागाई लक्षात घेता त्या वेळचे ६० डॉलर आजच्या ९० डॉलरहून अधिक होतात, म्हणजे गेम खरे तर स्वस्तच झाले आहेत. हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. पूर्वी त्या किमतीत संपूर्ण गेम असलेली डिस्क किंवा कार्ट्रिज (यंत्रात घालायची गेमची छोटी पट्टी) मिळे आणि खेळून झाल्यावर ती विकता येई. आज डिजिटल प्रत विकता येत नाही, ऑनलाइन खेळायचे तर बहुधा वेगळी वर्गणी भरावी लागते, आणि निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ या हँडहेल्डच्या काही कार्ट्रिजमध्ये तर गेम नसतोच, तो डाउनलोड करण्याची परवानगी तेवढी असते. पैसे जास्त आणि मालकी कमी, हे मला किमतीच्या आकड्यापेक्षा अधिक खटकते.

यंत्रांचेही तसेच झाले आहे. २०११ मध्ये २५० डॉलरला आलेले निन्टेन्डोचे ‘थ्रीडीएस’ हे हँडहेल्ड काही महिन्यांतच १७० डॉलरवर आणले गेले होते. याउलट २०१७ मध्ये ३०० डॉलरला आलेला मूळ ‘स्विच’ आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेत ३४० डॉलरचा झाला. जुने यंत्र कालांतराने स्वस्त होईल, या भरवशावर थांबणाऱ्या ग्राहकाचा आधारच त्यामुळे गेला.

स्मार्टफोनने हँडहेल्डचा मोठा ग्राहकवर्ग ओढून घेतला, हे खरे आहे. २००४ मध्ये आलेला ‘निन्टेन्डो डीएस’ १५ कोटींहून अधिक विकला गेला. ‘थ्रीडीएस’ त्याच्या निम्म्यावरच थांबला, आणि सोनीने आपल्या ‘व्हिटा’ या हँडहेल्डनंतर त्या मालिकेतील पुढचे यंत्र काढलेच नाही. परंतु फोनने घेतले ते मुख्यतः फावल्या वेळाचे खेळणे. फोनवर फुकट खेळाची इतकी सवय लागली आहे की, एकदाच १० डॉलर मागणाऱ्या ‘सुपर मारिओ रन’लाही २०१६ मध्ये निन्टेन्डोच्या अपेक्षेइतके ग्राहक मिळाले नाहीत. परिणामी बरेचसे मोबाइल गेम असे रचले जातात की खेळाडू मध्येच अडावा, त्याने वाट पाहावी आणि अखेर पैसे टाकावेत. लहान मुलांच्या हाती असे गेम द्यायचे असतील तर या रचनेचा विचार मी किमतीच्या आधी करेन.

फोनवरील गेम टिकतीलच याचीही खात्री नाही. २०१७ मध्ये ॲपलने आयफोनची आयओएस ११ ही प्रणाली आणताना जुन्या रचनेच्या, म्हणजे ३२-बिट, ॲप्सचा आधार काढून घेतला आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले असंख्य गेम नव्या प्रणालीवर उघडेनासे झाले. निन्टेन्डोच्या जुन्या ‘गेम बॉय’ हँडहेल्डचे १९८९ मधील कार्ट्रिज मात्र, यंत्र चालू असेल तर, आजही चालते. शिवाय बटणांचा प्रश्न आहेच: उडी, वळण आणि नेम एकाच वेळी साधायचा असेल तर काचेवर फिरणारी बोटे पडद्याचा बराच भाग झाकतात. फोनला जोडायचा कंट्रोलर (बटणे असलेले छोटे उपकरण) ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो, हेही सांगायला हवे.

म्हणून, आपण प्रवासात दहा-पंधरा मिनिटेच खेळत असाल तर फोन आणि एक कंट्रोलर पुरेसा आहे. दीर्घ कथा असलेले गेम शेवटपर्यंत खेळण्याची आवड असेल तर हँडहेल्ड अवश्य घ्यावे, मात्र यंत्राच्या किमतीत वर्षभरात घ्याल त्या गेमचा खर्च मिळवूनच तुलना करावी. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमवर मोठी सवलत क्वचितच मिळते. ‘स्टीम’ या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानाशी जोडलेल्या ‘स्टीम डेक’ या हँडहेल्डवर मात्र जुने गेम सवलतीच्या काळात अगदी कमी किमतीत मिळतात, आणि संगणकासाठी पूर्वी स्टीमवर घेतलेल्या गेमपैकी बरेचसे त्यावर पुन्हा पैसे न देता खेळता येतात.