मोटरसायकलला दुसऱ्या मॉडेलचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) बसवताना
आधी चासीचं नेक, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी, तपासा. धडकेत तेच वाकलं असेल, तर नवा फोर्क टाकूनही गाडी एका बाजूला ओढणारच. मग व्हर्नियरने स्टेमची (नेकमधून जाणाऱ्या दांड्याची) लांबी आणि कोनसेटच्या (नेकमधल्या बेअरिंगच्या) दोन्ही वाट्यांचे व्यास मोजा. स्टेम जुळत नसेल तर जुना स्टेम प्रेसने काढून नव्या टीत (फोर्कचे दोन्ही दांडे आणि स्टेम धरणाऱ्या पट्टीत) बसवता येतो, पण त्यासाठी भोकाचं माप अचूक हवं. वेल्डिंग मात्र नकोच, चालत्या गाडीत तो जोड तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही!

टी, फोर्क, चाक, एक्सल, ब्रेकचा कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) एकाच गाडीचे घ्या. नाहीतर डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. फोर्क आखूड असेल तर ट्रेल (स्टेमची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि वेगात हँडल थरथरतं. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये, फोर्क टाकीला लागू नये.