नवे नाटक आणि शाळेचा वर्ग

नवे नाटक आणि शाळांतले शिक्षणकार्य ही दोन निराळी कामे आहेत असे समजून आपण सुरुवात करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली दोन वर्षे आमच्या नाट्यसंस्थेत आम्ही तसेच समजत होतो. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचावर प्रयोग झाला की संहिता बाजूला ठेवायची आणि शाळेत जाऊन तेच ते आवाजाचे व हालचालींचे खेळ घ्यायचे, यातून मुलांच्या हाती फारसे काही लागले नाही. आता आमचा लेखक अर्धवट लिहिलेला प्रवेश आठवीच्या वर्गासमोर वाचतो आणि मुले जिथे चुळबुळ करू लागतात तिथे समासात पेन्सिलीने खूण करतो. त्या खुणांइतका प्रामाणिक अभिप्राय मला अन्यत्र मिळालेला नाही. मुलांच्या रोजच्या प्रश्नांना रंगमंचावर आणण्याची परंपरा पुण्यात आहेच. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची धाटणी डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली इथे रुजवली, ती आपण अवश्य अभ्यासावी.

दौऱ्याचे नेपथ्य एका टेम्पोत मावेल एवढेच ठेवावे. शाळेच्या सभागृहात आधी जाऊन पंखे लावून पाहावेत, कारण त्यांच्या घरघरीत संवाद मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवावी, आणि सहामाही परीक्षेच्या सुमारास तारखा मागू नयेत. एका संस्थेने आमचे मानधन वर्षभर थकवले होते. तेव्हापासून निम्मी रक्कम आम्ही आगाऊ घेतो.