बडोद्यात गायक नसलेल्या रॉक बँडवर पोट भरेल का?

चौघे आहात, गायक नाही, सगळ्या धुना स्वतःच्या, आणि नोकरी सोडू का म्हणताय. मी इथेच गिटार वाजवतो, म्हणून सांगतो: नोकरी इतक्यात सोडू नका. आणि गायकही घेऊ नका.

कॉलेजच्या फेस्टमध्ये साउंडवाला सवयीने स्टेजच्या मधोमध माइक लावून जातो. दुसरी धून संपली की पुढून 'गाणार कोण?' सुरू. इथेच बरेच बँड कच खातात आणि थोड्याच दिवसांत सगळे वाजवतात तीच हिंदी गाणी वाजवायला लागतात. त्यापेक्षा पहिला कार्यक्रम म. स. विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्सच्या पोरांपुढे करा. सयाजीरावांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेतून वाढलेली ती जागा. सतार ऐकणारा माणूस शब्द कुठेत म्हणून विचारत नाही.

शब्द नसल्याचा फायदा परक्या मुलखात जास्त. व्हेंचर्स या अमेरिकन बँडने साठच्या दशकात जपानला वेड लावलं, भाषा आड आलीच नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिनचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय हा बिनगायकाचा बँड 1999 चा. 2004 च्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' चित्रपटाच्या संगीतामुळे तो रॉकबाहेरच्या लोकांपर्यंत पोचला. ग्लासगोचा मोग्वाय (हे क्वचित गातातही) 1995 पासून वाजवतोय. ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिला नंबर मिळाला 2021 मध्ये, तोही स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतून. 26 वर्षं! नोकरीचं मी उगाच म्हणत नाही.

तोवर पैसा नवरात्रात. गरब्याच्या पार्टी प्लॉटवर (भाड्याच्या मैदानावर) गिटार, ऑक्टोपॅड वाजवायला नाक मुरडू नका. तासन्‌तास न थांबता लय धरायची तालीम वर पैसे घेऊन होते, आणखी काय हवं?

बाकी कमाई माहितीपट, जाहिराती, शॉर्टफिल्म यांतून. धून वापरायला द्या, मालकी विकू नका. कुठल्या धुनेत कोणाचा किती वाटा ते चौघांनी आत्ताच, दोस्ती गोडीची आहे तोवर, कागदावर घ्या आणि आयपीआरएसमध्ये (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) संगीतकार म्हणून नोंदणी करा. गीतकार नाही, तेवढा एक वाटेकरी कमी. आणि रेकॉर्डिंग झालं की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा जपून ठेवा. एडिटरला संवादाखाली नेमके ड्रम्स नको असतात, आणि ते काढून द्यायला त्याच रात्री फोन येतो.