गाडीचा हीटर, 22,000 रुपये आणि एफडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचकांचं पत्र आलंय. बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे, ब्लोअर धो धो चालतो, पण हवा थंडगार. गॅरेजवाला म्हणतो हीटर कोर गेला, डॅशबोर्ड उघडावा लागेल, 22,000 रुपये. एक लाखाची एफडी मोडू, कार्डावर भागवू, की गाडीच काढून टाकू?

थांबा, अजून काहीच मोडू नका. हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटासा रेडिएटर. इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापून त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. कूलंट कमी झालं, नळीत हवा अडकली किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच राहिला, तरी हवा गारच येणार. तुम्ही जाता जाता लिहिलंय की आग्र्याच्या रस्त्यावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर चढतच नाही. मला तर अख्ख्या पत्रात हीच ओळ कामाची वाटली. असं होतं तेव्हा पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यायचा, आणि त्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागत नाही.

सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा (गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हात भाजेल). मग वीसेक मिनिटं गाडी फिरवून दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीकडे न्या आणि हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला चाचपायला सांगा. दोन्ही कोमट असल्या तर कोरला दोष देऊ नका. एक कडक गरम आणि दुसरी गार, तर कोर चोंदला असेल. तरी आधी फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन बघावा. दोन्ही गरम असूनही हवा गार, तर आतली गरम-थंडची झडप अडकलीय. डाव्या सीटखालची चटई ओली आणि गोडसर वास येत असेल, तरच कोर गळतोय असं मी मानेन.

आणि खरंच कोर निघाला तर? एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल. तुमची एफडी 7 टक्क्यांची आहे. बँका साधारण त्यावर एक-दोन टक्के जास्त लावतात. 9 टक्के धरले तर 22,000 चं चार महिन्यांचं व्याज 660 रुपये. कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी फिरवलीत, तर पहिल्याच महिन्यात 770, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. विम्याकडे बघू नका, झीज-तूट त्यात धरत नाहीत.

गाडी विकायची असेल तर खुशाल विका, पण हीटरपायी नको. गिऱ्हाईक तोच हीटर दाखवून तुमच्याकडून 22,000 हून जास्त पाडून घेईल.

पंधरा तारखेला आईंना घेऊन आग्र्याला जायचंय म्हणता. तोवर काम झालं नाही तर धुक्यात काच आतून धुरकटेल. तेव्हा एसी लावा, ओल टिपली जाते. गारठा वाजेल, आईंसाठी गोधडी घ्या.