तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी संघांमधल्या खेळाडूंच्या सौद्यांची तुझी वही वाचून काढली. मेहनत दिसते. एक मात्र खटकलं. फसलेल्या प्रत्येक सौद्यासमोर तू जनरल मॅनेजरचं, म्हणजे संघ बांधणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव लिहिलं आहेस, मालकाचं एकदाही नाही.

९ ऑगस्ट १९८८ चा दिवस घे. एडमंटन ऑइलर्सला पाच वर्षांत चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून देणारा वेन ग्रेट्स्की, वय अवघं २७, कॅमेऱ्यांसमोर डोळे पुसत लॉस एंजेलिसला निघाला. जनरल मॅनेजर ग्लेन सॅदरला हा सौदा मुळीच नको होता. मालक पीटर पॉकलिंग्टनना रोकड हवी होती. तुझ्या वहीत त्या पानावर बदल्यात मिळालेले खेळाडू कार्सन आणि जेलिना, आणि नवोदितांच्या वार्षिक निवडीतल्या पहिल्या फेरीच्या तीन जागा आहेत. ज्या दीड कोटी डॉलरसाठी हे सगळं झालं, ते कुठेच नाहीत.

कधी मालकाला पैसे हवे असतात, कधी तो हात सैल सोडतो. न्यूयॉर्क आयलंडर्सचे मालक चार्ल्स वँग दुसऱ्या प्रकारातले. २००६ मध्ये त्यांनी नील स्मिथला जनरल मॅनेजर म्हणून आणलं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्याच रेंजर्स संघाला कप जिंकून देणारा हा माणूस चाळीसेक दिवसांत घरी गेला आणि त्याच्या खुर्चीत संघाचाच राखीव गोलरक्षक गार्थ स्नो बसला. सप्टेंबरमध्ये गोलरक्षक रिक डिपिएट्रोशी १५ वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार झाला. पुढे दुखापतींनी त्या पोराची पाठ सोडली नाही. २०१३ मध्ये करार मोडला, आणि त्यापायी २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर मोजायचे ठरले. हा करार फक्त स्नोच्या खात्यावर टाकशील तर अन्याय होईल. वँगनी २००१ मध्येच खेळाडू अलेक्सी यॅशिनला दहा वर्षं बांधून घेतलं होतं. लांब कराराची हौस मालकाची होती.

२००५ पासून संघाच्या एकूण पगाराला कमाल आणि किमान मर्यादा आल्या, म्हणून सगळे संघ सारखे झाले असं समजू नकोस. २०१६ मध्ये डेट्रॉइटचा खेळाडू पावेल डॅट्सुक रशियाला परतला, तरी ॲरिझोनाच्या संघाने त्याचा करार डेट्रॉइटकडून घेतला. ७५ लाख डॉलर किमान मर्यादेच्या हिशेबात धरले गेले, तो खेळणारच नसल्याने खिशातून एक पैसा गेला नाही, वर नवोदितांच्या निवडीत चार जागा वरचा नंबर मिळाला. मालकाचा हात आखडता असताना जनरल मॅनेजरने काढलेली ही वाट मला फार शहाणपणाची वाटते. तू तिला ‘निरर्थक’ म्हटलं आहेस, ते खोड.

पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत आहे. पगाराच्या आधी विचार: खेळाडू हेरायला किती माणसं फिरतात? गेल्या तीन वर्षांत ती वाढली की घटली? मोठ्या करारावर शेवटचा शब्द कोणाचा? शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर उत्तर मिळालं असं धर.

वही परत पाठवतो आहे. समासात मालकासाठी एक रकाना आखला आहे. ग्रेट्स्कीच्या पानापासून भरायला घे आणि मुलाखत झाली की रात्री फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
काका