आधी झाडू, मग ब्रश

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं, भिंतीचा फोटोही पाहिला. भिंत झकास आहे. पण ‘रविवारी जाऊन रंगवून टाकते’ हे वाचून थबकलो. भिंत कोणाची, हे पत्रात कुठेच नाही.

डाकारचं सांगतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये 1988 च्या निवडणुकीनंतर दंगली झाल्या, शिक्षण ठप्प झालं, राजधानी डाकारमध्ये कचऱ्याचे ढीग साचले. 1990 च्या सुमारास वस्त्यावस्त्यांतली पोरं झाडू घेऊन बाहेर पडली. त्यांनी गटारं उपसली, उकिरडे हलवले आणि मग भिंती रंगवल्या. कुठे सूफी संत आमादू बांबा, कुठे मंडेला, कुठे डासांपासून सावध राहा असं सांगणारं चित्र. चळवळीचं नाव ‘सेत सेताल’. वोलोफ भाषेत ‘सेत’ म्हणजे स्वच्छ. ज्यांनी दारातलं गटार उपसलं, त्यांच्या चित्राला कोण नाही म्हणणार?

त्याच शहरात पुढे ‘डॉक्टा’ नावाने ओळखला जाणारा आमादू लामिन न्गोम स्प्रे कॅन घेऊन उभा राहिला. तिथले ग्राफिटीवाले, म्हणजे भिंतींवर स्प्रेने चित्रं-अक्षरं रंगवणारे, रात्री लपूनछपून येत नाहीत. घरमालकाला विचारतात आणि दिवसाढवळ्या, लोकांच्या घोळक्यात रंगवतात. 2010 मध्ये डॉक्टाने ‘फेस्टिग्राफ’ हा ग्राफिटीचा महोत्सव सुरू केला. मला मात्र त्याचा दुसराच उद्योग जास्त आवडतो. एकीकडे भिंत रंगत असते आणि शेजारी डॉक्टर लोकांना फुकट तपासतात. चित्राने माणसं जमवायची, औषध डॉक्टरांनी द्यायचं. नुसत्या चित्राने कोणाचा खोकला बरा होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

2020 मध्ये कोरोना आला तेव्हा डाकारच्याच ‘आरबीएस क्रू’ या ग्राफिटी गटाने विद्यापीठाच्या भिंतीवर हात धुण्याची, काळजी घेण्याची चित्रं काढली. आणि हो, मुलीला हे जमेल का, असं घरचे विचारतात म्हणालीस ना? त्यांना दियेनाबा सिदिबेची, म्हणजे ‘झेनिक्स’ची चित्रं दाखव. सेनेगलची पहिली स्त्री ग्राफिटी कलाकार म्हणून तिला ओळखतात.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या वयाचा असताना एका गावात न विचारता ‘स्वच्छता हीच सेवा’ असं भलंमोठं रंगवून आलो. आठवड्याने गेलो, तर अक्षरांवर ओळीने गोवऱ्या थापलेल्या! दुपारभर ऊन मिळणारी गावातली तेवढी एकच भिंत होती. बायकांचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हा या रविवारी रंग नेऊ नकोस. नुसती जाऊन बस. भिंतीला ओल कुठे आहे, पोपडे कुठे सुटतात ते बघ. तिथे कोण टेकतं, कोण काय वाळत घालतं तेही बघ. जमलं तर एखाद्या आजीशी बोल आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
सर