लेकीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

दर्यापुरात फ्लेक्सचं दुकान टाकलंस, कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं, बरं झालं. पुढाऱ्यांचे फ्लेक्स तू करशीलच, त्यात शिकण्यासारखं फार नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची. हे पत्र दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी आहे.

पोरगी पोलिसात लागली, नर्स झाली, सहायक कृषी अधिकारी झाली, आणि नोकरीनंतरचा पहिला वाढदिवस आला की तिचा बाप तुझ्याकडे येईल. खुर्ची सरकवली तरी उभाच राहील. बाकीच्यांचं काम उरकू देईल, मग हळूच म्हणेल, "पोरीचा बॅनर टाकाचा होता." हा माणूस पहिल्यांदाच फ्लेक्स छापायला आलेला असतो. साइज विचारली तर म्हणेल, "मोठा." त्याला गोंधळवू नको. चौकाला १० बाय ५ फूट पुरतं. ५ फुटी रोलवर ते वाया न जाता निघतं. साडेपाच फूट सांगितलंस तर ६ फुटी रोल लागतो आणि पैसेही सहाचेच लागतात.

पहिली अडचण फोटोची. त्याच्या मोबाइलमधला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, उंचीला फार तर १६०० पिक्सेल. तो तू ५ फूट, म्हणजे ६० इंच उंच ताणलास तर इंचाला सव्वीस-सत्तावीस पिक्सेल पडतात. फ्लेक्सला खऱ्या मापात निदान ७२ तरी हवेत. लांबून चालून जाईल, पण बाप लांबून बघणार नाही. तो फ्लेक्सच्या पुढ्यात जाऊन उभा राहणार, आणि तिथं पोरीचे डोळे चौकोनी ठिपक्यांचे दिसणार. म्हणून मूळ फोटो मागव, तोही डॉक्युमेंट म्हणून. पोरीला विचारलं तर गुपित फुटेल, तेव्हा तिच्या भावाला किंवा मैत्रिणीला गाठ. हॉलतिकिटावरचा फोटो अजिबात घेऊ नको, त्यात कोणीच हसत नाही.

फोटो गोरा करायला तो सांगणार नाही, तुझाच हात जाईल. जाऊ देऊ नको. उन्हात धावून काळवंडलेली पोरगी गोरी केली तर गावात कोणी ओळखत नाही, आणि तिलाही ते आवडत नाही. गणवेशाचंही तसंच. शिपायाच्या खांद्यावर तारे नसतात, दोन तारे उपनिरीक्षकाचे. नेटवरून वर्दी उचलून तिचा चेहरा चिकटवलास तर ठाण्यातले हसतील आणि बोलणी ती खाईल.

निवडीचंही नीट विचारून घे. तात्पुरती यादी आणि अंतिम यादी यांत फरक असतो. नाव तात्पुरत्या यादीत असताना चौकात "निवड झाल्याबद्दल" लावलं आणि अंतिम यादीत गाळलं गेलं, तर ते कापड उतरवायला बापालाच शिडीवर चढावं लागतं. यादीचा कागद मोबाइलवर तरी बघ, मग पदाचं नाव त्यात आहे तसंच टाक.

आता मजकूर. बाप सांगेल, "तुमीच लिहा काही चांगलं." तू तयार ओळ चिकटवशील: गगनभरारी, रणरागिणी, आकाशाला गवसणी. हे सगळं दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या चौकात लटकलेलं असतं. त्यापेक्षा त्याला दोन प्रश्न विचार आणि तो बोलेल तसं लिहून घे. पोरगी पोलीस भरतीची असेल तर विचार, धावायची कुठं? मुलींना ८०० मीटर धावणं असतं, २० गुणांचं. १०० मीटर आणि गोळाफेक १५-१५ गुणांची. तो सांगेल, "पायटी चारला अकोट रोडनं धावे. मी मांगून गाडीचा लाइट धरो." झालं, ओळ मिळाली. "पहाटेच्या अंधारात ८०० मीटर पळणाऱ्या आमच्या लेकीला." हा फ्लेक्स दुसऱ्या कोणाच्या पोरीला चालणार नाही. आणि लाइट कोण धरायचं, हे गावाला माहीत असतं. ते छापायची गरज नाही.

नाव सगळ्यात मोठं. ढोबळ हिशोब असा, की दहा फुटांवरून वाचायला एक इंच अक्षर. रस्त्याच्या पलीकडून, साठ-सत्तर फुटांवरून वाचायचं तर सहा-सात इंच, आणि आपल्या लिपीत वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून आठ धर. नावाआधी काय लावायचं ते विचार. लग्न झालेली असेल तर माहेरचं आडनाव की सासरचं, यावर घरात दोन मतं असतात. ती स्वतः कोणतं लावते तेच टाक. आईचं नाव बाप हमखास विसरतो. "शुभेच्छुक आई-बाबा" म्हटलं की दोघंही आले. पुढे चाळीस नावांची यादी घेऊन कोणी काका आला तर "समस्त गावकरी मंडळी" एवढ्यावर भागव, कारण सुटलेलं एकेचाळिसावं नाव तुझ्याच दुकानात भांडायला येतं. पुढाऱ्यांचे फोटो टाळता आले नाहीत तर वरच्या पट्टीत, आठ इंचांच्या वर नाही. पोरीचा मोबाइल नंबर आणि जन्मसाल कुठंच नको.

शुद्धलेखनाच्या ठरलेल्या चुका: "अभिष्टचिंतन" नाही, अभीष्टचिंतन, भ दीर्घ. "शुभेच्छूक" नाही, शुभेच्छुक. युनिकोडमधला, म्हणजे मोबाइलवर टाइप केलेला, मजकूर जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला की "हार्दिक"चा रफार भलत्या अक्षरावर जातो, तो जागेवर आण, आणि छापखान्यात पाठवण्याआधी सगळं कर्व्ह करून टाक, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात आणि फॉन्टचा प्रश्न राहत नाही. रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात, बघ. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कापडावर मळकट येतो. चारी बाजूंनी तीन इंच मोकळी पार्श्वभूमी सोड, नाहीतर फ्रेमला मुडपून ठोकताना कडेची वेलांटी मागं जाते. मग ए-फोरवर प्रिंट काढून बापाच्या हातात दे आणि मोठ्यानं वाचायला लाव. घाई करू नको. तो नावाशी थांबेल, थोडा वेळ लागेल.

लावण्याचं थोडक्यात. लाकडी रिपांची फ्रेम, मधोमध एक उभी रीप, दोन्ही बाजूंना बांबू. सुतळी भिजली-सुकली की ढिली पडते, नायलॉन दोरी घे. वारा जावा म्हणून कापडाला चिरा मारतात, त्यानं वारा फारसा जात नाही, फक्त चीर वाढत जाते. मे-जूनच्या वादळात फ्लेक्स उतरवून ठेवणं हाच उपाय. विजेच्या खांबाला बांधायचं नाही, तारेखाली तर नाहीच. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, म्हणून स्वस्तातला झिरझिरीत माल घेऊ नको. जागेसाठी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन ठेव. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत तांबडा उडायला लागतो, हे बापाला आधीच सांग.

आणखी एक. उतरवलेले फ्लेक्स आपल्याकडं सोयाबीनच्या गंजीवर नाहीतर गोठ्यावर जातात. हा जाणार नाही. बाप तो घडी घालून पलंगपेटीत टाकेल आणि वर्षभरात घडीवर बरोबर पोरीच्या चेहऱ्यातून भेग जाईल. तेव्हा देतानाच दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटी तुकडा सोबत दे. फ्लेक्स त्यावर गुंडाळायचा, छापील बाजू बाहेर ठेवून, आणि वरून जुनं धोतर. पाइपाचे पैसे बिलात धरू नको.

तुझा,
काका